पुस्तकपेटी की फिरती गाडी?

चोपडा तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या चिटणीसांचा फोन आला. "भाऊ, पाच गावांना पुस्तकपेटी देतो. ती बंद करून पुस्तकांची फिरती गाडी सुरू करावी का?"

खर्चात पेटीच स्वस्त. पत्र्याची पेटी, कुलूप आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवरची फेरी, एवढंच. गाडीला डिझेल, चालक, विमा, दुरुस्ती, तेही कायमचं. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालचं अनुदान अ, ब, क, ड वर्गांनुसार मिळतं, 'ड'ला सगळ्यात कमी. 'ड' वर्गाच्या वाचनालयाने स्वतःची गाडी घेण्याचा विचारच करू नये.

निवडीत मात्र गाडी सरस. पेटीत तीच पुस्तकं महिनाभर. गाडीत वाचक स्वतः चाळून घेतो. आणि गाडी म्हणजे डिझेलच असं कुठं आहे? 1931 मध्ये तमिळनाडूतल्या मन्नारगुडीला ग्रंथालय बैलगाडीतून फिरलं होतं!

मेहनतीचं गणित वेगळं. पेटी एका माणसाच्या जिवावर चालते. तो सुरतेला कामाला गेला की पेटी शाळेच्या कपाटात. गाडीला वेळ सांभाळावी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गावात कोण सापडणार?

सभासदांना विचारायचं तर अभिप्रायाची वही नको, तिच्यात सगळे "छान" लिहितात. पारावर बसून अहिराणीत विचारा. बायकांना घरी जाऊन विचारा, त्या सभेला येत नाहीत.

गावात भरवशाचा माणूस असेल, वाचक मोजके असतील, तर पेटीच ठेवा. गावं एकाच रस्त्यावर असतील आणि स्पर्धा परीक्षेची पोरं जास्त असतील, तर महिन्यातून दोनदा भाड्याची गाडी.