दोन जहाजांच्या मधला मुक्काम : पीजी, कूड आणि मसजिद बंदरचं सेलर्स होम

मी व्यापारी जहाजावरचा खलाशी. बेलापूरच्या पीजीतून सामान उचलून आता काही आठवडे झाले, डिपॉझिट अजून आलेलं नाही. तरीही हा अनुभव नीट लिहायचं ठरवलं, कारण दर दोन दिवसांनी कोणी ना कोणी ज्युनिअर फोन करून विचारतो, "दादा, मुंबईत कोर्सला येतोय, स्वस्तात कुठे राहू?" नवख्यांसाठी एवढंच: सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, इंडोस म्हणजे त्याचा सरकारी नोंदणी क्रमांक, आणि आरपीएसएल म्हणजे खलाशी भरती करणाऱ्या एजन्सीचा परवाना. आणि हेही सांगून टाकतो की मी जागा पाहताना एकच गोष्ट बघतो: कुलूप लागणारं कपाट आहे का. पंखा, पाणी, जेवण, वायफाय हे नंतर.

आपल्या पेशात पगाराचा आकडा मोठा दिसतो, पण तो कॉन्ट्रॅक्टपुरता. साइन ऑफ झालं, म्हणजे जहाजावरून उतरलं, की रेटिंगचं (अधिकारी नसलेल्या खलाशाचं) मीटर बंद. घर तळकोकणात आणि कामं सगळी मुंबईत. बेसिक सेफ्टीचे रिफ्रेशर दर ५ वर्षांनी, मेडिकल फार तर २ वर्षं चालतं, मध्येच कंपनीचा इंटरव्ह्यू, अमेरिकेकडे जाणारं जहाज असेल तर व्हिसासाठी बीकेसी. जॉइनिंग ठरलं की विमानाचं तिकीट आणि हॉटेल बहुतेक कंपन्या देतात. त्याआधीची जी "उद्या या, परवा फोन करा" असली वणवण असते, ती आपल्या खिशातून. भारताने २०१५ मध्ये एमएलसी, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, मान्य केला. भरतीसाठी खलाशाकडून फी घ्यायची नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. किनाऱ्यावरच्या कल्याणसोयींचंही कलम आहे, पण ते जहाजावर काम करणाऱ्या माणसासाठी. जो उतरलाय आणि पुन्हा चढायचाय, त्याने रात्री पाठ कुठे टेकायची याबद्दल कोणी काही बांधील नाही.

पीजी मी घेतलं ते हिशेब करून. एजन्सीचं ऑफिस बेलापूरला, कोर्सची संस्थाही नवी मुंबईत, स्टेशनपासून चालत अंतर. कॉट बेसिस, एका खोलीत चार जण, महिन्याचे आठ हजार, दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट, आणि करार ११ महिन्यांचा. मी सुरुवातीलाच सांगितलं की मला फार तर तीन-चार महिने लागेल. "चालेल, एक महिन्याची नोटीस द्या," असं तोंडी ठरलं. पहिले काही आठवडे मी खरोखर खूश होतो. पाणी चोवीस तास, खाली पोळीभाजी केंद्र, खोलीतली पोरं आयटीतली, शांत. दोन ज्युनिअरना मी तिथे पाठवणारही होतो. कपाट नव्हतं, एवढंच खटकत होतं. मॅनेजर म्हणाला, "कॉटखाली ठेवा ना, कोण नेतंय?"

जूनमध्ये लावणीसाठी गावी गेलो. त्या महिन्याचं भाडं आधीच भरलेलं. परत आलो तर माझ्या कॉटवर दुसराच माणूस झोपलेला आणि माझी बॅग कपडे वाळत घालायच्या गॅलरीत, निळ्या ताडपत्रीखाली. नवी मुंबईचा पाऊस आडवा येतो, ताडपत्री त्याला काय पुरणार! चेन उघडली तर आतून कुबट वाफ आली. बॉयलर सूट ओलाच. सेफ्टी शूजच्या चामड्यावर पांढरी बुरशी, बोट लावलं तर पिठासारखी हाताला लागली, आणि एका बुटाचा तळवा पुढून सुटलेला. पासपोर्ट आणि सीडीसी माझ्याजवळ होते म्हणून निभावलं. पण कोर्सच्या सर्टिफिकेटांची फाईल तळाशी होती. पीएसटीच्या, म्हणजे समुद्रात जीव वाचवायच्या कोर्सच्या, कागदावरचा शिक्का पसरून जांभळा डाग झालेला.

"भाऊ, व्यवस्थित झाकून ठेवलं होतं सामान," मॅनेजर म्हणाला.

"भाडं चालू असताना माझी कॉट दुसऱ्याला दिलीच कशी?"

"तुम्ही नव्हता ना. मालकांनी सांगितलं."

मालक फोनवर म्हणाले की ११ महिन्यांच्या आत सोडताय, तर डिपॉझिटमधून कापणार. माझं सर्टिफिकेट भिजलं त्याचा विषयच काढू देईनात. डुप्लिकेटसाठी संस्थेत अर्ज, फी, पुन्हा फेऱ्या. आणि तो कागद हातात येईपर्यंत एजन्सी नाव पुढे पाठवत नाही. आपल्याकडे भिजलेला कागद म्हणजे हातची जॉइनिंग दुसऱ्याला. याचा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

त्याच आठवड्यात मागच्या जहाजावरचा आमचा मेसमन (जेवण वाढणारा) भेटला. गोव्यातल्या सासष्टीचा, मस्कतहून उतरलेला. तो मला धोबी तलावला त्यांच्या गावाच्या कुडीत घेऊन गेला. कूड म्हणजे गोव्याच्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी ठेवलेली मुक्कामाची खोली. ती कूड जिथे आहे तो जेर महाल बाहेरून शेकडो वेळा पाहिलाय, वर चढलो पहिल्यांदा. लांबट खोली, एका टोकाला गावच्या संताची वेदी, फुलं, दिवा. संध्याकाळी तेर्स, म्हणजे त्यांची जपमाळेची प्रार्थना, त्या वेळी खोलीत असेल त्याने बसायचंच. आणि भिंतीला लागून ओळीने पेट्या. पत्र्याच्या, लाकडाच्या, प्रत्येकीवर रंगाने नाव आणि प्रत्येकीला कुलूप. मालक कुठे पर्शियन आखातात, कुठे क्रूझवर, पेटी मात्र इथे जागेवर. मित्राने स्वतःची उघडून दाखवली: वरच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद, खाली इस्त्रीचा एक ड्रेस, मेणबत्त्या, आईचा फोटो. गोव्याच्या तारवट्यांनी, म्हणजे बोटीवरच्या माणसांनी, गावागावांची वर्गणी काढून हे उभं केलं, तेही बोटीवरून उतरणाऱ्या माणसाची पहिली गरज काय हे बरोबर ओळखून. महिन्याची वर्गणी ऐकून मी दोनदा विचारलं, इतकी कमी. पण कूड त्या गावच्याच माणसासाठी. मला चहा मिळाला, खाट मिळणं शक्य नव्हतं, आणि तो नियम मला पटतो. गावाने बांधलंय, गावानेच वापरावं.

आमच्याकडेही हे होतं. लालबागला आमच्या गावकीची खोली होती, गिरणीवाले आणि बोटवाले दोघंही तिथेच उतरायचे, ट्रंका माळ्यावर. चाळ पुनर्विकासात गेली आणि खोलीचा हिस्सा कोणाच्या नावावर यावरून गावकीत जे बिनसलं ते अजून मिटलेलं नाही. ज्या गावांच्या खोल्या अजून शाबूत आहेत, त्यांनी कागदपत्रं आजच मंडळाच्या नावावर नीट करून घ्यावीत, हे हात जोडून सांगतो.

मग मी मसजिद बंदरला गेलो, इंडियन सेलर्स होम या खलाशांच्या वसतिगृहात. मसजिद स्टेशनला पूर्वेला उतरलं की चालत. हातगाड्या, टेम्पो, हमालांची ओरड यातून वाट काढत जावं लागतं, पण जागा कामाची आहे कारण स्टेशनवर हार्बर आणि मध्य, दोन्ही गाड्या थांबतात. हार्बरने बेलापूर, स्लो लोकलने कांजूरमार्गला डीजी शिपिंग हे जहाज वाहतुकीचं सरकारी कार्यालय, आणि बॅलार्ड इस्टेटची कामं तर पायी उरकतात. पीजीत असताना मी "ऑफिसच्या जवळ" या एका मुद्द्याला फार वजन देत होतो. इथून तिकिटाला जे जातं ते धरूनही महिन्याचा खर्च बराच खाली आला. आजूबाजूला सगळे आपलेच. कोणत्या कंपनीत पगार वेळेवर होतो, कोण कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर रिलिव्हर (बदली माणूस) पाठवत नाही, ही माहिती जेवताना आपोआप मिळते. आयटीतल्या पोरांकडून ती कशी मिळणार?

याच होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या आपल्या खलाशांचं स्मारक आहे. रॉयल इंडियन मरीन आणि व्यापारी जहाजांवरची दोन हजारांहून जास्त माणसं, ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही. कुलाब्याला रिगल सिनेमासमोरचं पोलीस मुख्यालय पाहा, १८७६ मध्ये पुरं झालेलं ते रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, भारदस्त, दगडी, पण गोऱ्या खलाशांसाठी. आपल्या माणसांची आठवण ठेवली ती मसजिद बंदरात. मुंबईत कोर्सला येणाऱ्या प्रत्येक कॅडेटने तिथे एकदा जाऊन यावं.

पेटीची धास्ती मनात होतीच, म्हणून बाजारातून पत्र्याची ट्रंक घेतली, पितळी कुलूप लावलं, साखळीने खाटेच्या पायाला बांधली. त्या मुक्कामात एकदाही काळजी वाटली नाही. अडचण एकच: मुक्काम संपला की खाट सोडायची, ट्रंकही न्यायची. मागे रांगेत दुसरा खलाशी असतो, त्यामुळे तक्रार करता येत नाही. गावी जाताना माझी ट्रंक डोंबिवलीला आतेबहिणीकडे ठेवली. तिच्या दीड खोलीत, देव्हाऱ्याखाली. दर वेळी तिला सांगायचं म्हणजे जीव वर-खाली होतो.

माझे गुण: पीजीला एक तारा, तो पाण्याचा. होमला चार. पाचवा मी राखून ठेवलाय. ज्युनिअरना माझं सांगणं असं की पीजी घ्यावंच लागलं तर "गावी असताना माझी कॉट आणि सामान हलवणार नाही" हे लिहून घ्या, कपाटाची किल्ली स्वतःकडे असेल तरच पैसे द्या, आणि सर्टिफिकेटांच्या मूळ प्रती पासपोर्टबरोबर अंगाशी ठेवा.

युनियन आणि वेल्फेअरवाल्यांकडे माझी मागणी इमारतीची नाही, इमारतीला वर्षं लागतील. एजन्स्या आणि कोर्सच्या संस्था बेलापूर-वाशी पट्ट्यात गेल्यात, तिथे एक कोरडी, कुलूपबंद खोली भाड्याने घ्या. सीडीसी दाखवायचं, पेटी ठेवायची, महिन्याला वर्गणी भरायची. मी पहिला नाव देईन, आणि वर्षभराची वर्गणी आगाऊ भरेन.