एकच नमुना की खुला प्रश्न? रसायनशास्त्राच्या गटस्पर्धेसाठी

सगळ्या गटांना एकच नमुना दिला की परीक्षण सोपं. पाण्याची दुष्फेनता, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येणारा जडपणा, मोजायची: ५० मिली विहिरीचं पाणी, पीएच १० चं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक आणि ब्युरेटमध्ये (थेंब थेंब सोडायच्या मापनळीत) ०.०१ मोलर ईडीटीए, कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं रसायन. वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा आला की थांबायचं. १ मिली ईडीटीए म्हणजे १ मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट. बफर कमी पडलं तर रंग नीट पालटत नाही. हात चांगला बसतो, पण मुलं शेजारच्या टेबलावरचं रीडिंग बघून आपलं जुळवतात.

खुल्या प्रश्नात तंत्र तेच, प्रश्न मात्र गटाचा: पाणी उकळल्यावर दुष्फेनता किती उतरते? शिकण्यासारखं खरं इथेच आहे. उकळलेल्या पाण्याचा आकडा अपेक्षेपेक्षा जास्त येतो, कारण वाफेने आकारमान घटलेलं असतं. उकळताना बसलेला कॅल्शियम कार्बोनेटचा साका गाळला नसेल तर निळा झालेला रंग पुन्हा लालसर होतो. म्हणून २५० मिली पाणी उकळा, थंड करून गाळा, ऊर्ध्वपातित पाण्याने पुन्हा २५० मिली करा, मगच टायट्रेशन (वरचंच थेंब थेंब मोजमाप). ही चूक गटाने स्वतः हुडकली तर तिला गुण द्याच, आणि निम्मे गुण नोंदवहीला ठेवा. वेळ जास्त लागतो, परीक्षकांचीही कसोटी लागते. पहिल्या वर्षाला एकच नमुना चालेल. तिसऱ्या वर्षाला खुला प्रश्नच द्यावा.