इन्व्होसा: गुडघ्याच्या गादीसाठी जनुक बदललेल्या पेशी

गुडघ्याची गादी झिजल्याचे निदान झाले की व्यायाम, गोळ्या आणि अखेरची गुडघेबदल शस्त्रक्रिया यांच्या मधल्या काळासाठी फार थोडे उपाय उरतात. जुलै २०१७ मध्ये दक्षिण कोरियात मंजूर झालेले कोलोन लाइफ सायन्सचे ‘इन्व्होसा’ हे इंजेक्शन याच काळासाठी होते आणि त्यामागची कल्पना मला आजही सुंदर वाटते. एका बालकाच्या जादा बोटातून मिळवलेल्या कूर्चापेशींचे (कूर्चा म्हणजेच सांध्यातील ही गादी) तीन भाग, आणि टीजीएफ-बीटा-१ हे वाढीस चालना देणारे प्रथिन तयार करण्यासाठी जनुक घातलेल्या पेशींचा एक भाग, असे हे मिश्रण होते. जनुक बदललेल्या पेशी शरीरात वाढत राहू नयेत म्हणून त्यांना आधी किरणोत्सर्ग दिला जाई.

कोरियातील १६३ रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत, सलाईन टोचलेल्या गटाच्या तुलनेत वर्षभरानंतर वेदना आणि हालचाल या दोन्हींत स्पष्ट सुधारणा दिसली, आणि जिना चढणे ज्याला नकोसे झाले आहे त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे. मात्र एमआरआयमध्ये कूर्चा भरून आल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. त्यामुळे याला वेदनेवरचा उपचार म्हणता येईल. कूर्चेची दुरुस्ती म्हणता येणार नाही.

खरा धक्का २०१९ मध्ये बसला. जनुक बदललेल्या पेशी कूर्चेच्या नसून प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या २९३ या मूत्रपिंड-पेशींच्या वंशातील आहेत, असे तपासणीत आढळले. प्राण्यांत गाठी निर्माण करण्याची क्षमता या वंशात दिसलेली आहे. मार्चमध्ये विक्री थांबली, मे महिन्यात परवाना रद्द करण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि तोवर तीन हजारांहून अधिक लोकांनी इंजेक्शन घेतले होते. त्यांच्यावर १५ वर्षे लक्ष ठेवण्याची व्यवस्था करावी लागली. चाचण्यांतही सुरुवातीपासून याच पेशी होत्या, असे कंपनीने सांगितले. तसे असेल तर वेदना कमी झाल्याचे निष्कर्ष टिकतात, पण कुपीवर लिहिलेली पेशी आतमध्ये नव्हती, ही बाब मला अक्षम्य वाटते. अमेरिकेने आपल्याकडील इन्व्होसाच्या चाचणीवर घातलेली स्थगिती एप्रिल २०२० मध्ये उठवली, तरी माझे मत बदललेले नाही.

भारतात २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी मंजूर झालेले ‘स्टेमवन’ हे इंजेक्शन मूळपेशींचे (स्टेम सेल) आहे, परंतु त्यांत जनुकबदल नाही. त्यामुळे एखाद्या दवाखान्यात ‘जनुक-सुधारित मूळपेशी’ असे सांगून पैसे मागितले, तर पेशी कोणाच्या, कुठे वाढवल्या आणि त्यांची ओळख कोणी तपासली, हे आधी लेखी मागून घ्यावे.