मोठं अक्षर, बारीक अक्षरं: गेम भारी, रिझल्टची बडबड नको

या अ‍ॅपला ३ स्टार देतेय, आणि तेही गेमसाठी, शेवटी जो रिझल्ट येतो त्याच्यासाठी नाही.

काय आहे की स्क्रीनवर एक मोठं अक्षर येतं, समजा एच, पण ते बनलेलं असतं बारीक बारीक एस रचून. कधी मोठं ओळखायचं, कधी बारीक, आणि पटकन बटण दाबायचं. पोरखेळ वाटेल, पण बारीक ओळखायला गेलं की मोठं अक्षर मध्ये लुडबुड करतं आणि बोट अडखळतंच. उलट मोठं ओळखताना आत एस आहेत का एच, काही फरक पडत नाही! डेव्हिड नॅव्हॉन या मानसशास्त्रज्ञाने १९७७ ला हेच दाखवलं होतं, की आधी अख्खा आकार कळतो आणि तपशील नंतर. अ‍ॅप दोन्हीचा वेळ मिलिसेकंदात वेगवेगळा दाखवतं, हे मला सगळ्यात आवडलं.

आता तक्रार. शेवटी ते तुम्हाला 'बिग पिक्चरवाले' नाहीतर 'डिटेलवाले' असा शिक्का मारतं, वर उजवा मेंदू डावा मेंदू वगैरे. अहो, तोच गेम टॅबवर घ्या, टॅब अगदी जवळ धरा, की शिक्का उलटा! आणि हा बग नाहीये, मोठं अक्षर नजरेत साधारण ६ ते ९ अंशांच्या पुढे गेलं की बारीक अक्षरंच आधी ओळखू येतात हे १९७९ लाच किंचला आणि वुल्फ या संशोधकांनी मोजलंय (हात लांब करून अंगठा धरा, त्याची रुंदी जेमतेम २ अंश). बारीक अक्षरं विरळ मांडली तरी तेच होतं. म्हणजे हा शिक्का निम्मा तुमचा आणि निम्मा तुमच्या स्क्रीनचा. मेंदूचं म्हणाल तर उजव्या बाजूला इजा झालेल्या पेशंटना अख्खा आकार धरणं अवघड जातं आणि डाव्या बाजूवाल्यांना तपशील, एवढं खरंय, पण त्यावरून माणसाचा स्वभाव कसा काय ठरवता?

बोनसमध्ये ऑड ऑलिव्हा या संशोधिकेचं ते फेमस चित्र आहे, जवळून आइनस्टाइन आणि लांबून मेरिलिन मन्रो. फोनवर ते इतकं छोटं येतं की मन्रोच दिसत राहते, आइनस्टाइनसाठी फोन नाकाला लावावा लागतो, झूम दिलेलं नाही.

सुरुवातीला स्क्रीनचा साइज आणि अंतर विचारा, तो शिक्का काढून टाका, चौथा स्टार लगेच देते.