रेस्टोरेशनच्या पेपरसाठी ऑनलाइन बॅच लावली: कवी पोप एकदम भारी, नाटकांनी निराशा

एमए इंग्लिशच्या ह्या पेपरची (रेस्टोरेशन म्हणजे 1660 ला इंग्लंडमध्ये राजेशाही परत आली, तिथपासूनचं साहित्य) मला पहिल्यापासून धास्ती होती, कारण कवी ड्रायडन नुसता वाचून कळतच नाही, राजा चार्ल्स दुसऱ्याच्या पाठीमागे गादी भावाला जाणार की अनौरस मुलगा मॉन्मथला ह्यावरून काय राडा चालला होता ते माहीत नसेल तर त्याच्या 'अ‍ॅब्सलम अँड अकिटोफेल' ह्या कवितेतला एक टोमणा लागत नाही. म्हणून रेकॉर्डेड बॅच घेतली. तक्रारही करायचीय म्हणून नाव लिहीत नाही.

कवितेच्या मॅडम अप्रतिम आहेत. पोपच्या 'द रेप ऑफ द लॉक' ह्या काव्यामागची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, लॉर्ड पीटरने अ‍ॅराबेला फर्मरची बट कापली, दोन घराण्यांत बिनसलं, पोपने 1712 ला दोन सर्गांत लिहिलं आणि 1714 ला पाच केले. पण मॅडम एका ओळीवर थांबल्या. काव्याची नायिका बेलिंडा, तिच्या अब्रूला डाग लागणार की नव्या जरीच्या कपड्याला? क्रियापद एकच! आणि मराठीतही डाग दोन्हीला लागतोच, त्यामुळे मला ते असं काही भिडलं की व्हिडिओ पॉज करून बसले. त्या समाजात दोन्हीची किंमत सारखीच, हे पोपने एका क्रियापदात सांगितलंय. हिरोइक कपलेटसुद्धा त्यांनी टाळ्या वाजवून शिकवलं, ओळीत दहा सिलॅबल, पाच आघात, दोन ओळींचं यमक, आता कानाला आपोआप कळतं.

नाटकांचं मात्र वाईट वाटलं. नाटककार काँग्रीव्हचं 'द वे ऑफ द वर्ल्ड', 1700 चं, त्यात कोण कुणाचा भाचा आणि कोण कुणाची जुनी प्रेयसी एवढंच सरांनी स्लाइडवरून वाचलं, ते तर कुठल्याही गाइडमध्ये आहे. चौथ्या अंकातला अटींचा प्रसंग दोन मिनिटांत उडवला, अहो तोच तर नाटकाचा जीव आहे! लग्नाआधी नायिका मिलामंट नायक मिराबेलला अटी घालते, सकाळी हवं तेवढं झोपणार, पत्रं कुणाची आली विचारायचं नाही, चारचौघांत लाडाची नावं नकोत, खोलीत येताना दार वाजवायचं. मग तोही त्याच्या अटी काढतो. मी आणि रूममेटने हे होस्टेलवर मोठ्याने वाचलं, ती मिराबेल मी मिलामंट, आणि वाचता वाचता लक्षात आलं की प्रेम आहे हे आधी कोण कबूल करणार म्हणून हा सगळा सौदा चाललाय. मिलामंटची भूमिका तेव्हा अ‍ॅन ब्रेसगर्डल ह्या नटीने केली होती. 1642 ला थिएटरं बंद झाली तोवर इंग्लंडमध्ये बायकांची कामं मुलं करायची, 1660 नंतर बायका स्टेजवर आल्या, हे सांगितल्याशिवाय हा प्रसंग शिकवायचा कसा?

नुसता कवितेचा भाग मिळेल का म्हणून मेल केला होता, पूर्ण बॅचच घ्यावी लागते म्हणाले. तरी पोप आणि ड्रायडनसाठी घ्या, पैसे वसूल होतात. नाटकांना टीपांची प्रत लायब्ररीतून काढा आणि कुणालातरी समोर बसवून चौथा अंक वाचा.