संत्रे-मसाल्याचा सुटा चहा: हार्नीच्या ‘हॉट सिनॅमन स्पाइस’विषयी

संत्र्याची साल, दालचिनी आणि लवंग घातलेला काळा चहा पिशव्यांमध्ये हवा तेवढा मिळतो. सुट्या पत्तीत तो चांगला मिळवायचा म्हटले की मात्र शोधाशोध करावी लागते. पिशवीत चहाची भुकटी भरून वर सुगंधी अर्क मारला तरी ते चटकन लक्षात येत नाही, पण सुटा चहा तळहातावर पसरला की पत्ती किती, काड्या किती आणि साल खरोखर आहे की नुसता वास आहे, हे सगळे उघडे पडते. या मिश्रणाला लोकप्रियता मिळवून देण्यात रूथ कॅम्पबेल बिगेलो यांनी १९४५ मध्ये बाजारात आणलेल्या ‘कॉन्स्टंट कॉमेंट’ या चहाचा वाटा मोठा आहे आणि पुढच्या बहुतेक मिश्रणांवर त्या चवीची छाप दिसते.

नाव न घेता सांगायचे तर, मी मागवलेल्या काही मिश्रणांत संत्रे केवळ वासापुरतेच होते. डबा उघडताच दरवळ सुटायचा आणि घोट घेतल्यावर चहा बेचव लागायचा. एकात जास्वंदीच्या पाकळ्या इतक्या होत्या की त्यांच्या आंबटपणाखाली चहाची चवच उरली नव्हती. आणखी एका डब्याला चक्क वॉर्निशसारखा वास येत होता. संत्र्याच्या सालीतील तेलात लिमोनीन हा घटक प्रामुख्याने असतो. हवा लागून तो जुना झाला की असाच वास येऊ लागतो, त्यामुळे डबा ताजा असणे येथे साध्या चहापेक्षाही महत्त्वाचे ठरते. वेष्टनावर ‘ऑरेंज पेको’ वाचून मात्र कोणी फसू नये. ती पत्तीची प्रत आहे, त्यात संत्रे नसते.

या सगळ्यांत पसंतीस उतरला तो जॉन हार्नी यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या ‘हार्नी अँड सन्स’चा ‘हॉट सिनॅमन स्पाइस’. काळ्या चहाबरोबर यात तीन प्रकारची दालचिनी, संत्र्याची साल आणि लवंग आहे. साखरेचा कणही न घालता जिभेवर चांगलाच गोडवा रेंगाळतो आणि तो प्रथम पिणाऱ्याला खरा वाटत नाही. दालचिनी आघाडीवर, लवंग मागून हलकेच येणारी, आणि संत्रे, खरे सांगायचे तर, तिसऱ्या क्रमांकावर. ज्यांना दालचिनीच हवी आहे त्यांनी पुढे वाचण्याची गरज नाही, डबा घ्यावा.

मला संत्रे थोडे पुढे हवे होते, म्हणून मी कपामागे वाळलेल्या सालीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा चुरून घालतो. साल सोलताना आतला पांढरा भाग खरवडून काढणे आवश्यक आहे, कारण कडवटपणा तिथूनच येतो. एवढ्याने मिश्रणाचा तोल बदलतो: दालचिनीचा तिखटपणा किंचित मागे सरतो आणि घोटाच्या शेवटी सालीची ती जराशी झणझणीत चव जाणवते. कंपनीने ती आधीच घातली असती तर बरे झाले असते, पण तक्रार करण्याइतकी ही उणीव मोठी नाही.

सुट्या मसाला-चहाची एक खोड ध्यानात ठेवावी. दालचिनीचे आणि लवंगेचे जड तुकडे हळूहळू डब्याच्या तळाशी बसतात, वर नुसती पत्ती राहते. त्यामुळे सुरुवातीचे कप सपक आणि शेवटचे जहाल होतात. चमचा घालण्यापूर्वी डबा दोनदा आडवा फिरवून घ्यावा. दोनशे मिलिलिटर पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम चहा घ्यावा, पाणी खळखळून उकळलेले असावे, आणि चार मिनिटांनी गाळून घ्यावे. त्यापुढे पत्ती तुरट होते. चिमटीएवढ्या गाळणीत कोंबण्यापेक्षा पत्तीला फुलायला जागा देणारी रुंद गाळणी वापरावी.

हा चहा कोराच प्यावा. दूध घातल्यावर दालचिनी कशीबशी तग धरते, पण संत्रे पूर्ण नाहीसे होते, आणि दूध घालूनच प्यायचा असेल तर एवढ्या शोधाशोधीची गरज नाही, दालचिनीचा तुकडा टाकलेला साधा चहाही चालेल.