रास्पबेरी पाय ५: मराठवाड्याच्या उन्हात कितपत टिकेल?

रास्पबेरी पाय म्हणजे एकाच बोर्डावरचा छोटा संगणक. पाय ४ वरून पाय ५ घ्यावा का? वेगासाठी घ्यावाच. २.४ गिगाहर्ट्झचे चार कॉर्टेक्स-ए७६ कोअर (प्रोसेसरचे काम करणारे भाग) आहेत, फरक ब्राउझर उघडताच कळतो.

पण आपल्याकडे खरा प्रश्न उष्णतेचा. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या पुढे जातो. चिप ८० अंशांना पोचली की वेग आपोआप उतरतो, म्हणून अ‍ॅक्टिव्ह कूलर (चिप थंड ठेवणारा छोटा पंखा) सोबतच घ्या. बंद प्लास्टिकच्या डब्यात, पत्र्याखाली तर बोर्ड ठेवूच नका.

चार्जर ५ व्होल्ट, ५ अँपिअरचाच हवा. ३ अँपिअरवर बोर्ड चालू होतो, पण चारही यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात. मग हार्डडिस्कचं कनेक्शन मध्येच तुटतं आणि दोष डिस्कला दिला जातो.

मला सर्वांत आवडलेली सुधारणा म्हणजे बोर्डावरचं घड्याळ. बॅटरी जोडली की लाईट गेली, नेट नसलं, तरी वेळ बरोबर राहते. शेतातल्या नोंदींसाठी हे मोलाचं आहे. मात्र बॅटरीचं चार्जिंग मुळात बंद असतं, ते सेटिंगमधून चालू करावं लागतं. साधा, चार्ज न होणारा बटण सेल लावला असेल तर अजिबात करू नका.

पॉवर बटण आलंय, हेडफोनचा जॅक गेलाय. जुन्या कॅमेऱ्याची १५ पिनांची केबल-पट्टी थेट बसत नाही, बोर्डाकडच्या टोकाला २२ पिनांची वेगळी घ्यावी लागते.